बघ्यांच्या बाकावरून ऊठ

परवा फोनवर निम्मं सांगितलंस आणि निम्मं गिळलंस. शेजारी आई ज्वारी निवडत बसली असणार, मला सुपाचा आवाज येत होता. म्हणून हे सवडीनं लिहून पाठवतेय. वाचून झालं की आईलाही दाखव. लपवण्यासारखं यात काही नाही, आणि एका ठिकाणी तिची गरज लागणार आहे.

तर तुमच्या नववीत यंदा ती नवी मुलगी आलीय. आईबाप ऊसतोडीला जातात. इतकी वर्षं तीही त्यांच्या मागं कारखान्यावर जायची. यंदा आजीनं हट्टानं ठेवून घेतली. दसरा झाला, आईबाप ट्रॅक्टरवर बसून गेले आणि पोरगी आजीजवळ राहिली. तिला कुणीतरी ‘कोपी’ असं नाव पाडलंय. फडाजवळ पाचटाची जी खोपटं घालतात, ती कोपी. मग गणिताच्या चाचणीत तिला वीसपैकी सतरा पडले, तर मागच्या बाकावरून आवाज आला, ‘कोपीनं कॉपी केली!’ अख्खा वर्ग खिदळला. सरांनासुद्धा हसू आवरलं नाही, असं तू म्हणालीस. नंतर कुणीतरी आडनावावरून जात काढली, ती कानोकान फिरली, आणि मधल्या सुट्टीत डब्यांचा गोल तिच्यापासून वीतभर लांब सरकला. आता वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या फोटोचं स्टिकर फिरतंय. तिच्याकडं फोनच नाही, त्यामुळं सगळ्या गावानं बघितलेलं तिला एकटीला ठाऊक नाही.

आणि हे सगळं सांगून शेवटी म्हणालीस, ‘पण अक्का, मी तिला एका शब्दानंही बोलले नाही गं.’

ते मला माहीतच आहे. तुझ्या तोंडून असलं काही निघणार नाही. पण जरा हिशेब कर. चिडवणाऱ्या चौघी, मागच्या बाकावरची दोन टारगट पोरं, झालं. ती मुलगी सोडून वर्गात पटावर पन्नास नावं. मग उरलेले चव्वेचाळीस जण काय करत असतात? हसतात, नाहीतर वहीत मुंडकं घालतात. चिडवणारीला दोन्ही चालतं. तिला प्रेक्षक हवा असतो, आणि मान खाली घातलेला प्रेक्षकही प्रेक्षकच. ‘कोपीनं कॉपी केली’ यावर त्या दिवशी कुणी हसलं नसतं, तर दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा म्हणायची हौस उरली नसती.

हे मी माझ्या मनानं सांगत नाही. कॅनडातल्या टोरांटोमध्ये संशोधकांनी शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून पोरांमधले असले प्रकार टिपून ठेवले होते. त्यावरचा अभ्यास २००१ साली छापून आला. जवळजवळ प्रत्येक वेळी भोवती बघणारी पोरं होतीच. ती मध्ये पडायची क्वचित. पण पडली, की निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबायचा. दहा सेकंद! एवढ्या वेळात आपला हापसा धड कळशीही भरत नाही. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठानं शाळांसाठी ‘किवा’ नावाचा कार्यक्रम तयार केला, त्यातही मोठा भर बघ्यांवर आहे. दांडगाई करणाऱ्याला सुधारत बसण्यापेक्षा त्याचे प्रेक्षक कमी करणं सोपं पडतं, हे त्यांनी ओळखलं.

आता तू विचारशील, मध्ये पडायचं म्हणजे काय करू, झिंज्या उपटू का? मुळीच नको. भांडण उकरून काढलंस की त्यांना आणखी एक तमाशा मिळेल. आणि भाषण तर अजिबात देऊ नकोस. नववीच्या वर्गात ‘आपण सर्व भारतीय बांधव आहोत’ सुरू केलंस तर दुसरं टोपणनाव तुझंच पडेल. तू एवढंच कर. ते सुरू झालं की ऊठ, तिच्यापाशी जा आणि तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मार. ‘चल गं, पाणी पिऊन येऊ.’ संपलं. त्यांच्याकडं बघायचंसुद्धा नाही. फार झालं तर जाता जाता, ‘बास की आता, रोज तेच काय?’ एवढं म्हण, तेही कंटाळल्यासारखं, चिडून नको. चिडल्यावर समोरचीला चेव येतो. कंटाळा दाखवला की तिची हवा जाते.

मधल्या सुट्टीत डबा घेऊन तिच्या शेजारी बस. दया म्हणून बसू नकोस, ते लगेच कळतं. तिला गणितात सतरा पडलेत आणि तुला अकरा, हे मी विसरलेली नाही. तेव्हा गरज कुणाला कुणाची आहे ते बघ, आणि तिच्याकडून अपूर्णांक समजून घे.

एकटीला भीती वाटेल, तेही साहजिक आहे. म्हणून आधी एक जोडीदारीण शोध. त्या चव्वेचाळिसांत तुझ्यासारख्या आतल्या आत चरफडणाऱ्या निदान पाचसहा जणी असतील, फक्त प्रत्येकीला वाटतं की आपण एकट्याच. कॅनडाच्याच नोव्हा स्कोशिया प्रांतात २००७ साली एका ग्रामीण हायस्कुलात असं झालं. नववीतला एक मुलगा शाळेच्या पहिल्या दिवशी गुलाबी शर्ट घालून आला. ‘बायकी’ म्हणून दांडग्यांनी त्याला छळलं, मारायची धमकी दिली. बारावीतल्या डेव्हिड शेफर्ड आणि ट्रॅव्हिस प्राइस या दोघांच्या कानावर ते गेलं. त्यांनी मारामारी केली नाही. दुकानात गेले, पन्नास गुलाबी शर्ट विकत घेतले, रात्री पोरांना निरोप धाडले आणि सकाळी शाळेच्या दारात उभं राहून वाटले. त्या दिवशी शेकड्यांनी पोरं गुलाबी कपड्यांत आली. आता कॅनडात दरवर्षी फेब्रुवारीत तो दिवस पाळतात. मला यातलं काय आवडतं सांगू? ते दोघं त्या पोराला ओळखतही नव्हते.

आपल्या बेंबळी गावात पन्नास शर्ट घ्यायला पैसे कुठले, आणि आपला गणवेश ठरलेला. पण युक्ती घेता येते. शेजारच्या बीड जिल्ह्यातलं बघ. तिथं जातीवरून वातावरण इतकं तापलं, की २०२५ च्या सुरुवातीला पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावाच्या पट्टीवर नुसतं पहिलं नाव ठेवलं, आडनाव काढून टाकलं. पोलिसांना जे करावंसं वाटलं ते नववीच्या वर्गाला का जमू नये? वर्गशिक्षिकेला सांगून हजेरी पहिल्या नावानं घ्यायला लावा. बाकावर, वह्यांवर, ग्रुपवर नुसतं नाव. तुमच्या वर्गात साक्षी तिघी आहेत हे मला माहीत आहे. साक्षी अठरा, साक्षी एकोणीस असे हजेरीचे नंबर जोडा, आडनावाचं अक्षर नको. त्यानं जात मरणार नाही, एवढी भोळी मी नाही. पण उगाच विचारणाऱ्याला ‘पूर्ण नाव काय गं तुझं?’ असा प्रश्न तोंड उघडून, सगळ्यांसमोर विचारावा लागेल, आणि तेव्हा तो कसा दिसतो ते वर्गाला दिसेल.

स्टिकरचं ऐक. ते पुढं पाठवू नकोस, ‘बघ कसलं वाईट आहे’ म्हणून मलासुद्धा नको. स्क्रीनशॉट काढ, तारीख आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असा, आणि तो आईच्या फोनवर ठेव. इथं आई लागणार म्हणाले ती अशी. तुमच्या ग्रुपवरचे निम्मे नंबर आईबापांचेच आहेत. पोरं त्यांच्याच फोनवरून उद्योग करतात. आईनं त्याच ग्रुपवर एक ओळ लिहिली, ‘या लेकीचा फोटो कुणी लावला? काढून टाका,’ की अर्ध्या तासात दहा घरांत फोन तपासले जातील. बाकी उपदेशापेक्षा हे जास्त लागू पडतं.

स्टेटसचंही तसंच. जयंती, मिरवणूक, निवडणूक, काही निघालं की पोरं एकमेकांच्या जातीला नाहीतर धर्माला डिवचणारी गाणी ठेवतात, मग उलट स्टेटस, मग शाळेबाहेर ‘ये बाहेर’. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून शहर पेटलं, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. स्टेटसपायी ताब्यात घेतलेल्यांत अल्पवयीन पोरंही होती. पंधरा सेकंदांच्या गाण्यासाठी दहावीचं वर्ष! आणि ते रीलमध्ये कोयता नाचवणारे वीर. त्यांना म्हणावं, तोच कोयता घेऊन एक दिवस फडात ऊस तोडा, मोळ्या बांधा, डोक्यावरून गाडीत भरा, आणि मग ज्या पोरीला तुम्ही कोपी म्हणता तिच्या आईबापांच्या हाताकडं बघा.

तुझी सगळ्यात मोठी अडचण तू शेवटी सांगितलीस, तीही पुटपुटत. या टोळक्याची म्होरकी तुझी बालवाडीपासूनची मैत्रीण आहे. मग तर उत्तम. बाहेरच्या दहा जणींनी सांगितलेलं ती ऐकणार नाही, तुझं ऐकेल. पण चारचौघींत बोललीस तर ती मागं हटणार नाही, तिथं तिची इभ्रत आडवी येते. शाळेतून घरी जाताना एकटीला गाठ. ‘तू वाईट आहेस’ असं म्हणू नकोस. ‘मला ते बघवत नाही आणि मी आता तिच्या शेजारी बसणार आहे, तुला सांगून ठेवते,’ असं म्हण. ती रुसेल. आठ दिवस बोलणार नाही. कदाचित तुझंही काहीतरी नाव पाडेल. पाडू दे. ज्या मैत्रीला टिकायला रोज एक बळी लागतो ती तशीही दहावीपलीकडं जात नाही, हे मी बघितलंय.

यातलं काही करून थांबलं तर छान. नाही थांबलं, तर अर्ज. ‘सरांना सांगितलं’ याला काही अर्थ नसतो. सर ऐकतात, ‘पोरं आहेत, चालायचंच’ म्हणतात आणि विसरतात. कागदाला विसरता येत नाही. कॉलेजांच्या भिंतीवर रॅगिंगविरोधी पाटी असते ना, तो महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा आहे आणि त्यातल्या ‘शैक्षणिक संस्थे’च्या व्याख्येत शिक्षण देणारी कुठलीही संस्था बसते, वसतिगृह आणि शिकवणीसुद्धा. चिडवणं, शिव्या देणं, धमकावणं, लाज वाटेल असं वागवणं, सगळं त्यात येतं. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची असते, तथ्य दिसलं तर पुढं पोलिसांकडं पाठवायची असते. दुर्लक्ष केलं तर खुद्द प्रमुखच गुन्ह्याला साथ दिल्याच्या कलमात सापडतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, दंड दहा हजारांपर्यंत. अठरा वर्षांखालच्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं ही गोष्ट वेगळी. आपल्याला कुणाला आत टाकायचं नाहीच. पण ही सात दिवसांची अट मुख्याध्यापकांच्या लक्षात आणून दिली की कामाला वेग येतो. अर्जाच्या दोन प्रती कर, तारीख घाल, काय झालं ते जसंच्या तसं लिही, आणि दुसऱ्या प्रतीवर सहीशिक्क्याची पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नकोस. आणि हो, अर्ज देण्याआधी त्या मुलीला विचार. तिच्या नावानं, तिला न विचारता लढाई सुरू केलीस तर तो आणखी एक जाचच.

शिक्षकच टोमणे मारत असतील, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहे. आठवीपर्यंतच्या पोरांना मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला त्यात बंदी आहे. तुमची नववी त्या कायद्यात बसत नाही म्हणून तुम्हाला टोमणे मारायची मुभा मिळते, असं मात्र कुणी समजू नये.

मार्च २०२२ मध्ये शासनानं प्रत्येक शाळेत ‘सखी सावित्री’ समिती नेमायचा निर्णय काढला. त्यात शिक्षिका, पालक, अंगणवाडी ताई, पोलीस पाटील यांच्या जोडीला मुलामुलींचेही प्रतिनिधी असतात. बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारनं पुन्हा बजावलं: तक्रारपेटी, कॅमेरे, समिती, सगळं पाहिजे. कागदावर बहुतेक शाळांत ही समिती असते. मुलांच्या वतीनं त्यात कोण आहे, हे मात्र वर्गात विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. तक्रारपेटीत खडूचे तुकडे आणि प्रेमपत्रं सापडतात ती त्यामुळंच.

एक पक्कं ध्यानात ठेव. हाणामारी चालली असेल, कुणाच्या हातात काही असेल, तर तू मध्ये जायचं नाही. पळत जाऊन मोठं माणूस आणायचं. कुणी अंगाला हात लावला, घाणेरडे फोटो काढले, तर अर्जबिर्ज नंतर. आई, नाहीतर मुलांची हेल्पलाइन १०९८, नाहीतर पोलिसांचा ११२. पोलीस ठाणं गावातच आहे, लांब जायचं नाही. पोक्सो कायद्यात अशी गोष्ट कळलेल्या माणसानं ती कळवलीच पाहिजे. शाळेची अब्रू वगैरे कारणं चालत नाहीत.

इतकं कशाला ताणायचं, चिडवण्यानं कुणी मरत नाही, असं तुझी मैत्रीण म्हणेल. तिला खर्डा माहीत आहे का विचार. अहिल्यानगर (नगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातलं गाव, आपल्या जिल्ह्यातल्या भूमपासून काही लांब नाही. २८ एप्रिल २०१४ ला तिथं नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो म्हणून शाळेच्या आवारातच त्याला मारायला सुरुवात झाली आणि तिथून नेलं, असा आरोप होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयानं आरोपींना निर्दोष सोडलं. अनेक साक्षीदार जबाब फिरवून बसले होते, त्यांत शाळेतली माणसंही होती. मला त्या खटल्यातलं सगळं कळत नाही, पण एवढं कळतं की दिवसाढवळ्या, शाळेच्या आवारात बघणारे होते, आणि कोर्टात मात्र कुणी काही बघितलेलं नव्हतं. मान खाली घालायची सवय मोठेपणी लागत नाही गं. ती वर्गातच लागते.

उलटी सवयही वर्गातच लागते. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मातंग समाजातली मुलगी शिकत होती, वय चौदा. मांग-महारांना माणसासारखं का वागवत नाहीत, हे तिनं निबंधात रोखठोक विचारलं, आणि तो निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तेव्हा ना तक्रारपेटी होती, ना समिती, ना १०९८. तुझ्या वयाची पोरगी होती. तुझ्याकडं सगळं आहे, फक्त बाकावरून उठायचंय.

येत्या ७ नोव्हेंबरला आपल्याकडं विद्यार्थी दिवस असतो. १९०० साली त्या दिवशी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. त्याच काळात त्यांना वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावं लागे आणि शिपाई असेल तरच पाणी मिळे. नोव्हेंबरचा पहिला गुरुवार युनेस्कोनं २०२० पासून शाळांतल्या हिंसेविरुद्धचा दिवस ठरवलाय. दोन्ही एका आठवड्याच्या आत येतात. नेहमीप्रमाणं फोटोला हार, दोघांची भाषणं आणि गोळ्या वाटून मोकळं होऊ नका. सुट्टी असली तर सुट्टीनंतर करा, पण त्या दिवशी वर्गात चिठ्ठ्या काढून बसा, जो नंबर येईल त्याच्या शेजारी, आणि डबाही तिथंच उघडा. शिक्षिकेला तू आणि तुझी जोडीदारीण मिळून विचारा. फार तर नाही म्हणतील.

पण त्याच्या आधी, सोमवारी, एक काम कर. ऑफिसात जाऊन विचार, ‘सखी सावित्री समितीत आमच्या वतीनं कोण आहे?’ नाव मिळालं तर त्या मुलीला किंवा मुलाला भेट. नाव नसेल, तर तुझं द्यायला सांग. आणि संध्याकाळी मला फोन कर, या वेळी सगळं सांग.

तुझी अक्का